साळिंदरासाठी ठेवलेली वाट

नरसिंगण्णा कधी बोट दाखवत नसत. फळ्यावरच्या आकड्याला नाही, वर्गातल्या पोराला नाही, आभाळातल्या चंद्रालाही नाही. दाखवायचंच झालं तर उजव्या हाताची मूठ मिटून मधलं पेर पुढं करायचे, आणि हातात पुस्तक असलं तर कोपरानं भागवायचे. कोवळ्या काकडीला, भोपळ्याला बोट दाखवू नये, ते कुजतं, असं आमच्याकडं घरोघर मानतात. अण्णांनी हा नियम साऱ्या जगाला लावून टाकला होता.

मी एकदा विचारलं, "अण्णा, काकडीचं ठीक हाय. पर ह्यो तर सातचा पाढा. ह्येला काय व्हतंय?"

"कुणाला ठावं," अण्णा म्हणाले. "पोरांच्या डोक्यात आजून कोवळाच हाय की त्यो."

त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी ती मिटलेली मूठच दिसते. लिहायचं तर वीस वर्षं चाललंय. आज बसलोय. यातली एक गोष्ट मी बायकोखेरीज कुणापाशी बोललो नाही, आणि तिलाही सांगायची वेळ आली नाही, कारण ती तिथंच होती.

बिदरकडच्या निर्णा गावच्या शाळेत आम्ही दोघंच मास्तर. निजामाचं राज्य, त्यामुळे शाळा म्हणजे मदरसा, सुट्टी शुक्रवारची, आणि कागदपत्र सगळं उर्दूत. मी नवा, पंचविशीतला. अण्णा पन्नाशी ओलांडलेले, मूळचे भालकीकडच्या मेहकरचे, शेतकऱ्याच्या घरातले. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. शाळेत धोतरावर काळी शेरवानी, तिचं दुसरं बटण नव्हतं. तिथं बाभळीचा काटा टोचलेला असे. बटण का लावत नाही म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काटा काय काम करत न्हाई का?"

वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे. एका वर्षी त्यांनी नकाशा टांगला आणि एका पोराला हैदराबाद दाखवायला सांगितलं. पोरगं नकाशापाशी गेलं, अर्धवट पाठ फिरवली आणि कोपर टेकवलं. हैदराबाद, बिदर आणि निम्मा गुलबर्गा त्या कोपराखाली गेला. साहेब भडकले, "ये क्या बदतमीजी है?"

अण्णा शांतपणे पुढं झाले. "दारुस्सल्तनत है, हुजूर. राजधानी को उंगली कैसा दिखाना?"

साहेब गडबडले. मग खूश झाले, आणि शेरेबुकात मुलांच्या अदबीबद्दल दोन ओळी लिहून गेले.

गाडी वेशीबाहेर गेल्यावर मी पोट धरून हसलो. "अण्णा, काय थट्टा केली हो!"

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "थट्टा कामून करंल म्या? खरंच दाखवू ने."

ते खरं बोलत होते की मलाही बनवत होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही. हे नीट ध्यानात ठेवा. माझी सगळी अडचण तिथंच आहे.

जनावरांबद्दल ते आपल्या भाऊबंदांसारखं बोलत. वर्गात शेळी शिरली की पोरं हाकलायला उठत, तर हे म्हणत, "राहू द्या रे. लेकरू घरी ठिवून आलीया, जायचीच हाय जल्दी." उंदरानं हजेरीपटाची कड कुरतडली तेव्हा त्यांनी हसू न आणता मला सांगितलं, "गैरहजेरीची पानं सोडलीत बघ. समजूतदार हाय." आणि कुणी काहीही पैजेवर सांगू लागलं, दुनियाभरच्या बातम्या आणू लागलं, की अण्णांचं ठरलेलं उत्तर होतं, "आसंल. आपल्याला कुठं सगळं ठावं हाय?"

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात, एका शुक्रवारी ते म्हणाले, "माधवा, येतूस का? एकाच्या घरी जायचंय."

गावाबाहेर जांभ्या दगडाचं पठार आहे. ते एका ठिकाणी चिरलेलं आहे, आणि त्या चिरेत खाली उतरलं की दुसराच मुलूख लागतो. झाडी दाट, दगडाला शेवाळ, भर दुपारी सावली. मोरांचा वावर म्हणून गुराखी त्याला मोरदरा म्हणत. दऱ्याच्या तळाशी लाल दगडाची एक खोल कपार होती. तिच्या तोंडापाशी, निम्म्या उघड्यावर आणि निम्म्या छताखाली, बारक्या वेली झुडपांवर चढल्या होत्या. अण्णा खाली बसले, मूठ मिटली आणि पेरानं दाखवलं.

फूल माझ्या करंगळीएवढं होतं. खाली फुगीर, वर बारीक नळी, आणि टोकाशी पाच पाकळ्या शेंड्याला जुळून त्यांचा पिंजरा झालेला. हुबेहूब कंदील. हिरवट पांढरा, आत जांभळे ठिपके. अण्णा त्याला कंदिली म्हणत. नाव त्यांनीच दिलेलं.

"माशी आत शिरती," ते कुजबुजले, जसं काही फुलाला ऐकू जाईल. "आत बारीक केसं हायेत, खाली तोंड केल्याली. जाता येतं, येता येत न्हाई. दुसऱ्या दिशी केसं वाळतेत आन माशी सुटती. जेल हाय, पर एका दिसाची. जाताना आंगाला पराग लावून सोडतंय. सजा बी न्हाई, काम बी झालं."

अशा सव्वीस वेली होत्या. दर भाद्रपदात अण्णा त्या मोजत आणि घरच्या एका पत्र्याच्या डबीत तेवढे चिंचोके ठेवत. वेल वाढली तर चिंचोका टाकायचा, मेली तर काढायचा. उभ्या मुलखात ही वेल दुसरीकडं नव्हती. त्यांनी चिंचोळीच्या डोंगरांपर्यंत पायी जाऊन बघितलं होतं.

वेलीच्या मुळाशी चपटा कंद असतो, आणि तो खाता येतो. धनगर खातात. पण त्याची एक रीत आहे. कंद काढला की त्याची मान, म्हणजे जिथून वेल फुटते तो वरचा तुकडा, मोडून परत खड्ड्यात ठेवायची. वर माती लोटायची आणि तळव्यानं दोनदा थापटायचं, लेकरू निजवतात तसं. पुढल्या पावसाला त्या मानेतून वेल पुन्हा येते. अण्णांनी एक कंद काढून मला हे दाखवलं. अर्धा मला दिला, अर्धा आपण खाल्ला. आधी कडवट लागतो, मग पाण्यासारखा गोड. मान ठेवली, माती लोटली, दोनदा थापटलं. मग मला म्हणाले, "आता तू थापट. हाताला सवं लागू दे."

हाताला सवय लागली.

एकदा अण्णांनी एक फूल पुस्तकात दाबून वाळवलं आणि हैदराबादच्या एका विद्वान गृहस्थांना पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. ही वेल पश्चिमेच्या मोठ्या डोंगरांतल्या ओल्या जंगलांत, तिथंही क्वचितच मिळते. बिदरकडं ती असणं शक्य नाही, तेव्हा फूल कुठून आणलं हे आपण खरं कळवावं, असा मजकूर होता. मी संतापलो. म्हटलं, अण्णा, दुसरं फूल पाठवा, वेल मुळासकट पाठवा, त्यांना इथं बोलवा.

"आन येताना धा जण बोटं दाखवत येतील," अण्णा म्हणाले. पत्राची घडी घालून त्यांनी ते डबीखाली ठेवलं. "म्हंजे आपून खोटं बोलायलाव म्हणं. आसंल. आपल्याला कुठं सगळं ठावं हाय?"

खरं बोलून खोटं ठरलेला माणूस इतक्या स्वस्थपणे भाकरी खाताना मी दुसरा पाहिला नाही.

आता अठ्ठेचाळीस सालचा भाद्रपद.

निजामाचं राज्य बुडालं त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. गावागावांत भीती होती, कोण कुठून येईल सांगता येत नव्हतं. अण्णांची बहीण आजारी म्हणून ते मेहकरला गेले होते आणि वाटा बंद झाल्यामुळे तिकडंच अडकले होते. एका सकाळी हत्यारबंद टोळी ओढ्यापलीकडं आलीय अशी ओरड झाली आणि गाव फुटलं. कुणी नातेवाइकांकडं, कुणी शेतात, कुणी ज्वारीच्या उभ्या पिकात. मी बायकोला, इंदूला, आणि चार वर्षांच्या लेकीला, शकूला, घेऊन मोरदऱ्याकडं पळालो. लपायला मला ठाऊक असलेली जागा तेवढीच होती, आणि ती माझी नव्हती.

कपारीत आम्ही तीन दिवस काढले. फडक्यातल्या भाकरी पहिल्या दिवशीच संपल्या. पिठाची पुरचुंडी वाटेत पावसानं भिजून गेली होती. आणि कोरडी असती तरी धूर कोण करणार? दुसऱ्या दिवशी शकू रडायची थांबली. रडत होती तोवर बरं होतं. ती गप्प झाली, डोळे अर्धे मिटून इंदूच्या मांडीवर पडून राहिली, तेव्हा मी काठी घेतली आणि कपारीच्या तोंडाशी जाऊन बसलो.

सगळ्या वेली फुलांवर होत्या.

पहिला कंद निघाला तेव्हा इंदूनं विचारलं, "ह्ये काय हो?"

"खायचं हाय. दे तिला."

"ह्येच का अण्णांचं?"

मी दुसऱ्या वेलीपाशी सरकलो. तिनं कंद लेकीच्या तोंडाशी धरला. शकूनं थुंकून टाकला, मग पुन्हा तोंडात घेतला, मग म्हणाली, "आजून दे." मी काढत गेलो. ती खात गेली. इंदूनं खाल्ले. मी खाल्ले. मनाशी म्हणत होतो, अर्ध्या ठेवू. मग म्हटलं, पाच तरी ठेवू. तिसऱ्या दिवशी म्हटलं, एक. मग तोही काढला.

माना परत ठेवल्या नाहीत. मानेचा तुकडा म्हणजे एक घास, आणि तो घास लेकराच्या तोंडात गेला. पण दर वेळी कंद काढून झाला की माझा हात आपोआप माती लोटायचा आणि दोनदा थापटायचा. मी करतोय हेही मला कळत नव्हतं. सव्वीस खड्डे मी नीट निजवून ठेवले, आणि खाली काहीच नव्हतं.

आठ-दहा दिवसांत सगळं निवळलं. माणसं घरी परतली. अण्णा मेहकरहून चालत आले, ते थेट माझ्या दारात. शेरवानी नव्हती, अंगावर धुळीची बंडी. त्यांनी आधी शकूला उचललं, तिची हाडं चाचपली. "लेकरू बरं हाय न्हवं? कुठं व्हताव रे तुमी?"

"बरं हाय," मी म्हणालो. "शेतात व्हताव." आणि त्यांनी काही विचारायच्या आत मीच पुढं बोललो, "अण्णा, मोरदऱ्यात साळिंदर शिरलंय. सगळं उकरून खाल्लंय त्यानं."

का बोललो? वीस वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. ते रागावले नसते. "लेकरू जगलं न्हवं, झालं तर," एवढंच म्हणाले असते. ते रागावणारे असते तर मी कदाचित सांगून मोकळा झालो असतो. ते रागावणार नाहीत, हेच मला झेपणार नव्हतं की काय, कोण जाणे. इंदू चुलीपाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भांडी आवरू लागली.

अण्णांनी शकूला खाली ठेवलं. मग म्हणाले, "साळिंदर. आसंल."

आम्ही दोघं दऱ्यात गेलो. उघड्यावरचे खड्डे पावसानं मोडून टाकले होते. पण छताखाली, जिथं पाऊस पोचत नाही, तिथं लाल मातीवर तळव्यांचे ठसे जसेच्या तसे होते. प्रत्येक ठिकाणी दोन. मला ते आठवलेच नव्हते.

अण्णा उकिडवे बसले. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी आपला तळवा एका ठशाशेजारी मातीवर हलकेच टेकवला आणि उचलला.

"शिस्तीचं हाय की साळिंदर," ते म्हणाले. "माती सारून गेलंय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. उंदराबद्दल बोलताना असायचा तोच चेहरा होता.

"आन माती सारलीया म्हंजे मान बी ठिवलीच आसंल," ते उठत म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला, खूश झाला. "मग कशाला भ्यायचं? पुढल्या पावसाला येतेत समद्या. घाई कुणाला हाय?"

खोटं मी तोंडानं बोललो होतो, ते त्यांनी मानलं की नाही ठाऊक नाही. पण माझा हात जे खोटं बोलला होता, ते त्यांनी पुरतं मानलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं, "अण्णा, खाली काही नाही." मी त्यांच्या मागोमाग दरा चढू लागलो.

घरी इंदू म्हणाली, "सांगून टाका. लेकरासाठी केलं. त्यात चोरी कामून?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

उद्या आम्ही कुंपण घालायला गेलो. त्याचं शेवटी सांगतो.

त्या हिवाळ्यात कारभार बदलला, शाळांची भाषा बदलली, आणि माझी बदली दूर लातूरकडं झाली. अण्णा निवृत्त होऊन निर्ण्यातच राहिले. पुढल्या भाद्रपदात त्यांचं कार्ड आलं. मोडीत दोन ओळी होत्या, "अजून काही नाही. येतील. लेकरास आशीर्वाद." त्याच्या पुढल्या भाद्रपदात दुसरं, तोच मजकूर. तिसऱ्यात अक्षर थरथरलेलं होतं, पण "येतील" हा शब्द दोनदा लिहिला होता. चौथ्या वर्षी कार्ड आलं नाही. मी कुणाकडं चौकशी केली नाही. पुढं वर्षभरानं निर्ण्याचा एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. त्यानं सांगितलं, अण्णा गेले, शेवटच्या पावसाळ्यातही काठी टेकत दऱ्यात जाऊन बसायचे. मी एकाही कार्डाला खरं उत्तर लिहिलं नव्हतं. "जरूर येतील" असं लिहीत होतो.

शकू आता लग्न होऊन सासरी आहे. मागच्या दिवाळीत आली तेव्हा फराळाचं खाता खाता म्हणाली, "बाबा, आपण कधी लाल लाल गुहेत बसून काही खाल्लं होतं का? कडू, आणि मग गोड? मला मधूनच ती चव येते." इंदूचा हात ताटलीवर थांबला. मी म्हणालो, "आठवत नाही बाई." त्या दिवशी कळलं की हे असंच चालू राहील. म्हणून हे लिहिलं. शकूनं वाचलं तर वाचू दे.

आता कुंपणाचं.

बोराटीच्या फांद्या मी तोडल्या, अण्णांनी दोन फाट्यांच्या काठीनं त्या रेटून बसवल्या. दुपारपर्यंत कपारीच्या तोंडाला अर्धा वेढा झाला. शेवटची फांदी मी आतल्या बाजूनं ओढून घेतली. बघतो तर एका कडेला मोठी फट राहिलेली.

"अण्णा, हिकडलं बुजवायचं राहिलं."

"राहिलं न्हाई. ठिवलंय."

"कामून? साळिंदर पुन्ना यील की."

"यील तर यील. भुकेजल्याबिगर कोण उकरतंय कडू कंद? त्येला उपाशी ठिवून आपल्याला काय फुलं बघायचीत?"

"मग कुंपण कशाला घालायलाव?"

"बाकीच्यांसाठी."

मी फटीपाशी सरकलो. "पर साळिंदराला येवढी वाट? ह्यातनं माणूस जाईल."

अण्णांनी मूठ मिटली आणि पेरानं फट दाखवली. फटच दाखवली, की फटीमागं उभा असलेला मी, ते आजही सांगता येत नाही. "संगं लेकरू आसलं तर?" ते म्हणाले. "काटा लागंल त्येला."

त्यांच्या बंडीला त्या दिवशीही बटणाऐवजी काटा होता. चेहरा तपासणीच्या साहेबांसमोर असायचा तसाच, सरळ. मी तोंड उघडलं. सांगणारच होतो, असं मला अजून वाटतं.

तेवढ्यात ते म्हणाले, "चल, यी भाईर. शकू वाट बघत आसंल." फटीवर लोंबणारी एक फांदी त्यांनी नुसत्या हातानं वर उचलून धरली. बोराटीचे काटे त्यांच्या तळव्यात रुतलेले मला दिसत होते. त्यांनी हात हलवला नाही.

मी वाकलो आणि खालून बाहेर आलो. मला एकही काटा लागला नाही.